पाच रॅझी मिळालेला 'द पोस्टमन' बघाच एकदा

केविन कॉस्टनरच्या (दिग्दर्शकही तोच, हिरोही तोच) 'द पोस्टमन' या सिनेमाचं नाव काढलं की लोक लगेच हसतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी तो बघितलेलाच नसतो. पाच रॅझी (म्हणजे वर्षातल्या सगळ्यात वाईट सिनेमांना देतात ते टिंगलीचे पुरस्कार) मिळाले एवढंच ऐकून असतात. हो मिळाले ना, पाच नॉमिनेशन आणि पाचही पदरात! १९९७ च्या ख्रिसमसला रिलीज केला, टायटॅनिक येऊन आठवडाही झाला नव्हता, मग काय व्हायचं ते झालं. साधारण ८ कोटी डॉलर घातले आणि अमेरिकेत २ कोटीसुद्धा आले नाहीत. त्यात दोनच वर्षांपूर्वी कॉस्टनरच्याच 'वॉटरवर्ल्ड' सिनेमाच्या खर्चावरून बोंब झालेली, त्यामुळे समीक्षक आधीच दात धरून बसले असणार असं आपलं माझं मत.

पण स्टोरी बघा. अमेरिका उद्ध्वस्त झालीय, सरकार नाही, काही नाही, साल २०१३. (आपल्याकडे तार बंद झाली तीही २०१३ लाच, योगायोग.) हिरो कोण, तर आपल्या बहुरूप्यासारखा गावोगाव फिरून शेक्सपिअरचे तुकडे म्हणून दाखवणारा आणि त्यावर पोट भरणारा माणूस. त्याला एका मेलेल्या पोस्टमनचा युनिफॉर्म आणि पत्रांची थैली सापडते, आणि निव्वळ जेवायला मिळावं म्हणून हा ओरेगॉनमधल्या एका गावाच्या गेटवर ठोकून देतो की सरकार परत आलंय, मी टपाल घेऊन आलोय. राष्ट्राध्यक्ष कोण विचारलं तर सांगतो रिचर्ड स्टार्की, म्हणजे बीटल्सचा रिंगो स्टार 😂 शेरीफचा विश्वास बसत नाही, पण थैलीत गावातल्याच एका म्हातारीच्या नावाचं पत्र निघतं आणि मग लोक आपली पत्रं लिहून याच्या हातात द्यायला लागतात.

मला आवडतं ते पुढचं. हा थापाड्या हिवाळाभर गायब असतो आणि इकडे त्याच्याच थापेवर विश्वास ठेवून फोर्ड लिंकन मर्क्युरी नावाचा पोरगा (नाव स्वतःच ठेवलंय, गाड्यांवरून) खरोखरची पोस्ट उभी करतो, पोरंपोरी घोड्यावरून पत्रं पोचवतात, मरतातसुद्धा. म्हणजे खोटं बोलणाऱ्याला कळायच्या आत ते खरं झालेलं असतं. बाकी जगबुडीच्या सिनेमांत पेट्रोल आणि पाण्यासाठी मारामारी, इथे पत्रासाठी, आणि हे समीक्षकांना फारच भाबडं वाटलं. व्हिलनपण बघा, जनरल बेथलहेम, युद्धाआधी कॉपी मशीन विकायचा! विल पॅटनने मस्त केलाय.

आता खरंच वाईट काय, तर जवळजवळ तीन तास लांबी, कॉस्टनरचं स्वतःवरचं प्रेम, तो स्लो मोशनमध्ये घोड्यावरून पोराच्या हातातलं पत्र घेतो तो सीन, शेवटी त्याच सीनचा पुतळा, आणि एवढ्यावर भागलं नाही म्हणून एंड क्रेडिट्सला गाणंही हाच गातो. तेव्हा पुतळा दिसला की रिमोट घ्या हातात, पण त्याआधीचं नीट बघा आणि मग शिव्या घाला, कमेंटमध्ये भांडू.