सुकाणू आपलं, पण शब्द कुठला?

दर काही महिन्यांनी हा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून येतोच: ‘नौकानयनाचा जन्म ६,००० वर्षांपूर्वी सिंधू नदीत झाला. नॅव्हिगेशन हा शब्द संस्कृत नवगतिःवरून आला आणि नेव्ही हा नौवरून.’ खाली तिरंगा. या वेळी तो पाठवणाऱ्या काकांचं बालपण कोकण किनाऱ्यावर गेलेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नवगती. नौ आणि गती जोडले तर नौगती होईल. औच्या पुढे स्वर आला तरच आव् होतो, म्हणून नाविक. व्यंजन आलं की औ तसाच राहतो, म्हणून नौका, नौदल. नवगती म्हणजे नुसती नवी गती! लॅटिन ‘नाविगारे’त नाविस म्हणजे जहाज आणि आगेरे म्हणजे हाकणं. या आगेरेचं संस्कृतातलं भावंड गतीचा धातू गम् नव्हे, तर अज् (अजति, हाकतो).

नेव्ही नाविसच्याच घरातली. संस्कृत नौ, ग्रीक नाउस, लॅटिन नाविस या सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी. भाषाभ्यासक विल्यम जोन्सने कलकत्त्यात १७८६ मध्ये या भाषांचं नातं मांडलं होतं. एका बहिणीला दुसरीची आई ठरवायचा हट्ट कशाला?

सहा हजार वर्षांचं म्हणाल, तर नेदरलँड्समधल्या पेसे इथली एका ओंडक्याची होडी सुमारे १०,००० वर्षांपूर्वीची आहे. सिंधूचं श्रेय त्याने कमी होत नाही. मोहेंजोदडोच्या मातीच्या ताईतावर सपाट बुडाची नाव आहे, मधे खोपटं, मागे सुकाणूची वल्ही. पण ती साडेचार हजार वर्षांच्या आतबाहेरची. आपल्या अजिंठ्यात दुसऱ्या लेण्यातलं तीन डोलकाठ्यांचं जहाजही वल्ह्यानेच वळवलं जातं.

आणि खरी गंमत सुकाणूची. लाकडी मचव्यावर कुणी कधी दांडी हातात दिली असेल तर आठवेल: ती डावीकडे रेटली की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, उजवीकडे वळते, आणि होडीला वेगच नसेल तर कितीही रेटा, काही होत नाही. संस्कृतात सुकाणूला कर्ण म्हणत, धरणारा तो कर्णधार. तो आता क्रिकेटच्या मैदानावर गेला. दर्यावर राहिलं ते सुकाणू, अरबी सुक्कान. आखाती देशांत मोटारीच्या स्टिअरिंगलाही सुक्कानच म्हणतात. बंदर फारसी, खलाशी अरबी. नाखवा म्हणजे फारसी नाखुदा, नाव अधिक खुदा, नावेचा धनी. म्हणजे ज्या ‘नौ’साठी निरोपात एवढा आटापिटा, तिची फारसी बहीण कोळीवाड्यात कधीची नांदते आहे, आणि तिला कुणी तिरंगा लावत नाही.

अरबांनाही सुक्कान आरामाइक भाषेकडून मिळाला, आणि त्याआधी प्राचीन इराकातल्या अक्कदी भाषेत सुकाणूला सिक्कन्नू म्हणत. त्याच अक्कदच्या धक्क्याला मेलुहाची, म्हणजे बहुतेकांच्या मते सिंधूकाठची, जहाजं लागतात अशी बढाई सम्राट सारगॉनने कोरून ठेवली आहे. काका, पुढच्या वेळी हे पाठवा.