पाणीकराराच्या बैठकीला निघण्यापूर्वी

समजा, उद्या तुमची बदली झाली आणि पुण्याला खडकवासल्याच्या धरणसाखळीतून मिळणाऱ्या पाण्याचा करार नव्याने करण्याची फाइल तुमच्या टेबलावर येऊन पडली. घाबरू नका. पुणे महापालिकेच्या बाजूने बसलात काय आणि जलसंपदा विभागाच्या बाजूने बसलात काय, रीत एकच आहे.

ही रीत मला गेल्या आठवड्यात एका टँकरच्या ड्रायव्हरने शिकवली. रात्री दीडची वेळ. सोसायटीच्या अंडरग्राउंड टाकीत त्याचा पाइप सोडलेला, वॉचमन झाकण धरून आणि मी मोबाइलची बॅटरी धरून. टँकर दहा हजार लिटरचा म्हणून मागवलेला. टाकीत काठी घालून पाहिलं तर सात हजारांचाही हिशेब लागेना. विचारलं, तर म्हणाला, "साहेब, खड्ड्यांमुळे सांडतं." पैसे दहा हजार लिटरचेच, रोख, पावती मागायची नाही. पाणी मोजायचं कुठे, कोणी आणि कशाने हे आधी ठरलं नसलं की नंतर कुणीच खोटा पडत नाही. ड्रायव्हरला जे कळतं ते तुम्हाला कळायला हरकत नाही.

तर पहिली सूचना: मोजणीच्या जागेवर एकमत होऊ देऊ नका. एकाने धरणाच्या तोंडाशी मोजावं, दुसऱ्याने जलशुद्धीकरण केंद्राशी. मधलं पाणी परमेश्वराचं.

दुसरी, जुना करार आधी संपू द्या. वर्षाला साडेअकरा टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) करारनाम्याची मुदत २०१९ साली संपली. साडेअकरा म्हणजे दिवसाला साधारण ८९ कोटी लिटर. शहराची उचल सतरा-अठरा टीएमसीवर कधीच गेलेली. पण संपलेला करार चालू करारापेक्षा फार सोयीचा असतो. मोडला म्हणायला तो नाही आणि नवा करायची घाई नाही. मुदतवाढ, तात्पुरती मान्यता, बैठकीचं इतिवृत्त, स्मरणपत्र क्रमांक तीन. घोंगडं भिजत ठेवायला पाणी मात्र आहे.

लोकसंख्येवर तर अजिबात तडजोड नको, कारण कोटा माणशी लिटरवर ठरतो. शेवटची जनगणना २०११ ची, तिच्यात पुणे शहर ३१ लाखांचं. त्यानंतर २०१७ मध्ये अकरा गावं आत आली, २०२१ मध्ये आणखी तेवीस आली, मग फुरसुंगी आणि उरुळी देवाची बाहेर काढली. आता कुणाला मोजायचं? महापालिकेने पाण्याच्या अंदाजपत्रकात सगळ्यांना धरावं आणि जलसंपदाने त्यातले निम्मे मानू नयेत. आमची सोसायटी अशाच एका गावात आहे. पाणी मागताना आम्ही पुणेकर. पाणी देताना "नेटवर्क अजून पोचलं नाही." म्हणजे कोटा आमच्या नावावर मागायचा आणि टँकर आम्ही आमच्या खिशातून मागवायचा. मिळकतकर मात्र वेळेवर पोचतो, त्याला नेटवर्कची अडचण नसते.

बिलाचा आकडा दोघांनी वेगवेगळा सांगावा, फरक शेकडो कोटींचा असावा.

जुलैत धरणातून पाणी सोडावं लागलं तर एकाने "आम्ही कळवलं होतं" म्हणावं आणि दुसऱ्याने "आम्हाला वेळेत कळवलं नाही" म्हणावं. २०२४ च्या २५ जुलैला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक कमरेएवढ्या पाण्यात उभे होते, तेव्हा हा प्रयोग यशस्वी झाला.

कालवा फुटला तर खेकडे शोधा. २७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ मुठा उजवा कालवा फुटला, वस्तीतल्या लोकांचे संसार वाहून गेले आणि तेव्हाचे जलसंपदामंत्री गिरीश महाजन यांनी उंदीर, घुशी आणि खेकड्यांकडे बोट दाखवलं. खेकडे करारातले पक्षकार नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडून खुलासा येत नाही.

याच कालव्यावरच्या दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्याला बैठकीला बोलवायचं नाही, पण बैठकीत त्याचं नाव सतत घ्यायचं. जलसंपदाने म्हणावं, शहर शेतीचं पाणी पितं. शहराने म्हणावं, तुमचा ऊस पितो. दोघंही खरं बोलतात, त्यामुळे वाद मिटायची भीती नाही. कालव्याचं उन्हाळी आवर्तन लांबलं, टेलच्या म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या माणसाचं पीक वाळलं, की दोघांनी एकमेकांना पत्र पाठवावं, प्रत माहितीस्तव पालकमंत्र्यांना. फार झालं तर शहराचे पंप बंद करावेत. २०१९ च्या जानेवारीत जलसंपदाने ते करून पाहिलं. शहरात बोंब झाली, पंप सुरू झाले, सगळे आपापल्या जागी परत. कुणी शेतकरी थेट जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडे गेलाच, तर सुनावणी होते, आदेश होतो, आदेशाला फाइल मिळते.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना, गळतीची. गळती हा शब्द करारात एका कोपऱ्यात असावा, पण तिच्यावर कुणी सही करू नये. महापालिकाच सांगते की उचललेल्या पाण्यापैकी पस्तीस-चाळीस टक्के पाणी बिलात दिसत नाही. अठरा टीएमसीचे चाळीस टक्के म्हणजे सात टीएमसीच्या वर. खडकवासल्याच्या धरणाची क्षमता दोन टीएमसीलाही पोचत नाही! म्हणजे तीन खडकवासली भरतील एवढं पाणी दरवर्षी रस्त्याखाली, चोरून घेतलेल्या जोडांत आणि कुणालाच ठाऊक नसलेल्या नळांत जातं, आणि आपण जादा कोट्यासाठी मंत्रालयात चकरा मारतो. चोवीस तास पाण्याची योजना आली. ब्याऐंशी टाक्या, शेकडो किलोमीटर नवीन पाइप, तीन लाखांवर मीटर. रस्ते खणून झाले, तेच रस्ते पुन्हा खणून झाले. मीटर बसले तिथेही घरगुती पाणीपट्टी अजून मिळकतकरातून, वापर कितीही असो. मग त्या मीटरचा उपयोग काय? पार्किंगमध्ये मुलं त्याच्यावर पाय देऊन सायकलवर चढतात, हा. आणि गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने. ही ओळ पुणेकराला तोंडपाठ आहे.

जलसंपदावाल्यांनी इथे मिशीत हसू नये. कालव्यातून इंदापूरपर्यंत जाणारं पाणी वाटेत किती झिरपतं, किती उडतं, किती मोटारी लागतात, याचा हिशेब तुम्ही तरी कुठे रोज लावता? कालव्याऐवजी फुरसुंगीपर्यंत बोगदा काढायचा बेत तुम्हीच केलात ना? बाष्पीभवन, गळती आणि चोरी यांनी पाणी जातं म्हणूनच ना? मग वीस वर्षं शहराला "पाणी वाया घालवता" म्हणताना जीभ अडखळली नाही? याच साखळीतल्या टेमघर धरणाच्या भिंतीतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, ते धरण तर तुमचंच.

आणि मुंढव्याचं काय? वापरलेल्या पाण्यातलं साडेसहा टीएमसी शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसायच्या विहिरीतून) जुन्या कालव्यात सोडायचं, म्हणजे खालच्या शेतीला तेवढं धरणाचं पाणी कमी लागेल, असं ठरलं होतं. चांगलं ठरलं होतं. शुद्ध मात्र करायचं होतं. जायका या जपानी संस्थेच्या कर्जातून अकरा मैलाशुद्धीकरण केंद्रं बांधायला केंद्राने २०१६ च्या सुमारास मान्यता दिली, तेव्हापासून पूर्ण होण्याच्या तारखाच पूर्ण होतात. शेतकऱ्याला काळं, फेसाळ पाणी देऊन त्याच्या नावावर स्वच्छ पाण्याचा कोटा वळता करायचा, याला हिशेब म्हणत नाहीत, लबाडी म्हणतात.

पुरे आता. सूचनाबिचना राहू द्या.

खडकवासला साखळीतली चार धरणं मिळून २९ टीएमसी. त्यात वाढ होणार नाही. ते पाणी महापालिकेच्या बापाचं नाही, जलसंपदाच्याही नाही. दोन्ही कचेऱ्या सरकारीच, पगार आपल्याच करातून, आणि दंडाची नोटीस एका खिशातून दुसऱ्या खिशात. मीटर धरणाच्या तोंडाशी लावा, दोघांनी मिळून लावा, रोजचा आकडा लोकांना दाखवा. गळती दरवर्षी किती टक्के उतरवणार ते करारात लिहा आणि न उतरल्यास कुणाचा पगार थांबेल तेही लिहा. मैलापाणी शुद्ध न करता सोडलं तर तेवढा कोटा कापा. टेलच्या शेतकऱ्याला टेबलाशी खुर्ची द्या. एवढं लिहायला इतकी वर्षं लागत नाहीत. ते लिहिलं की मोजलं जाईल आणि मोजलं की सापडाल, म्हणून तुम्ही लिहीत नाही.

आणि वाचताना माना डोलावणारे तुम्ही! रविवारी पायपाने गाडी धुता. टाकी वाहत असली तरी "वॉचमन बघेल" म्हणता. आणि मीटर बसवायला माणूस आला की "चेअरमन बाहेरगावी गेलेत" सांगून गेटवरूनच परत पाठवता.