‘चोरांना विचारून खरं कळतं का?’ फिरणाऱ्या मेसेजला एका फुकटच्या वकिलाचं उत्तर

कोर्टातल्या आमच्या बार रूममध्ये, म्हणजे वकिलांच्या खोलीत, चहा आला की मोबाईल निघतात, आणि गेले काही आठवडे त्यातून एकच मेसेज निघतोय. तो शिक्षकांच्या ग्रुपवर आहे, भावकीच्या ग्रुपवर आहे, दूध डेअरीच्या ग्रुपवरही आहे. मजकूर साधारण असा. युरोपात एक सरकारी हक्क एजन्सी आहे, ती आरोपींच्या मुलाखती घेऊन पोलिसांविरुद्ध अहवाल काढते. आपले मानवाधिकार आयोग म्हणजे तिचीच नक्कल, एसीत बसून अहवाल लिहिणारे पोलिसांचे वैरी. चोरांना विचारून खरं कळतं का? अडीचशे लोकांशी बोलून अख्ख्या युरोपाचा निकाल लावतात. आपल्याकडे अटकेच्या फॉर्मवर सगळं छापलेलं असतं, आरोपीची सहीही असते, मग संशोधन कशाचं करायचं? असल्या हक्कांमुळेच गुन्हेगार सुटतात. आणि शेवटची ओळ ठळक अक्षरांत: ज्याच्या घरी चोरी होते त्याला कधी कुणी विचारलंय का?

मी मराठवाड्यातल्या एका तालुका कोर्टात विधी सेवेच्या पॅनेलवर आहे. लोकांच्या भाषेत ‘फुकटचा वकील’. त्यामुळे या मेसेजमधलं जवळपास प्रत्येक वाक्य माझ्या रोजच्या कामाबद्दल आहे.

एजन्सी कोणती, ते आधी सांगतो. व्हिएन्नामध्ये युरोपीय संघाची मूलभूत हक्क एजन्सी आहे, १ मार्च २००७ पासून. तिला कुणाला शिक्षा करता येत नाही. एकट्यादुकट्या माणसाची तक्रारसुद्धा ती चालवत नाही. संघाने संशयितांसाठी एकामागून एक कायदे केले: २०१० मध्ये दुभाष्याचा, २०१२ मध्ये हक्कांची माहिती देण्याचा, २०१३ मध्ये वकील भेटण्याचा. हे कायदे ठाण्यात आणि कोर्टात प्रत्यक्ष कसे उतरतात, ते पाहून ती सांगते. आपली नक्कल म्हणाल, तर आपला राष्ट्रीय आयोग १२ ऑक्टोबर १९९३ चा, म्हणजे तिच्याहून तेरा वर्षांनी थोरला. धाकट्याची नक्कल थोरल्याने केली, असं निदान भावकीच्या ग्रुपवर तरी म्हणू नये.

‘आरोपींनाच विचारतात’ हे वाक्य लिहिणाऱ्याने अहवाल उघडलेलाच नाही. वकील मिळण्याच्या हक्कावरचा या एजन्सीचा अहवाल २०१९ चा आहे. ऑस्ट्रिया, फ्रान्स, ग्रीस, पोलंड, रोमानिया अशा आठ देशांत अडीचशेहून जास्त लोकांशी बोलणं झालं. त्यात न्यायाधीश होते, सरकारी वकील होते, बचावाचे वकील होते, पोलीस होते, आणि स्वतः अटकेतून गेलेली माणसंही होती. प्रत्येक देशातली संशोधक मंडळी त्याच देशाची, पण प्रश्नांची चौकट सगळ्यांना एकच.

आणि प्रश्न काय? ‘तू चोरी केलीस का’ हा नाही. तो विचारला तर आरोपी खोटं बोलेल, हे मेसेज लिहिणाऱ्याइतकंच संशोधकालाही कळतं. तिथला प्रश्न असतो: हक्क कधी सांगितले, चौकशीच्या आधी की नंतर? कोणत्या शब्दांत? वकील किती वेळाने आला? त्याच्याशी एकट्याने बोलता आलं का? हेच जमादाराला विचारायचं, वकिलाला विचारायचं, न्यायाधीशाला विचारायचं. मग उत्तरं शेजारी शेजारी मांडायची. बांधाच्या भांडणात तलाठी दोन्ही शेजाऱ्यांना विचारतो आणि वर नकाशा काढून बघतो, तसंच हे. त्या अहवालात निघालं काय, तर काही ठिकाणी रीतसर चौकशी सुरू व्हायच्या आधीच ‘सहज’ म्हणून विचारपूस उरकली जाते, आणि हक्क सांगितले जातात ते न कळणाऱ्या कायद्याच्या भाषेत. वाचून मला व्हिएन्ना फार लांब वाटलं नाही.

आपल्या आयोगाबद्दल तर मेसेज पार उलटा आहे. १९९३ च्या कायद्यानेच आयोगाला तपासासाठी पोलीस कर्मचारी दिलेत. राष्ट्रीय आयोगाच्या तपास विभागावर पोलीस महासंचालक दर्जाचा अधिकारी असतो, राज्य आयोगाच्या विभागावर निदान महानिरीक्षक दर्जाचा. कोठडीतल्या मृत्यूंची माहिती कुठून येते? डिसेंबर १९९३ पासून आयोगाची सूचना आहे, की कोठडीत मृत्यू झाला तर २४ तासांत कळवा. म्हणजे ती माहिती खुद्द प्रशासनाने पाठवलेली. आयोगावर राग असेल तर खुशाल असू द्या. माझाही आहे: तक्रारीला एका वर्षाची मुदत आणि राज्याचं कार्यालय मुंबईत, त्यामुळे आमच्याकडच्या माणसाला सुनावणीसाठी देवगिरी एक्स्प्रेसमध्ये रात्र काढावी लागते. पण ‘पोलिसांचे वैरी’ हा आरोप त्यांना चिकटत नाही.

आता तो फॉर्म. मेसेजमधलं हेच वाक्य मला जास्त लागलं, कारण त्यातला फॉर्म खरा आहे आणि सहीही खरी आहे.

ऊसतोडीहून परतलेला तांड्यावरचा एक पोरगा रिमांडला आणला होता. ओळख पटू नये म्हणून गाव, साल काही सांगत नाही. अटकेच्या फॉर्मवर ओळ होती, ‘अटकेची कारणे समजावून सांगितली, ती समजली’, आणि खाली अंगठा. अंगठा चांगला उमटलेला, रेघ न रेघ दिसत होती. मॅजिस्ट्रेट साहेबांनी विचारलं, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?” पोराने आधी हवालदाराकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग जमिनीकडे. “नाही साहेब.” रोजनाम्यात नोंद झाली: तक्रार नाही. अर्धं मिनिटही लागलं नाही. बाहेर व्हरांड्यात मी त्याला विचारलं, कशासाठी धरलंय माहीत आहे का? तो म्हणाला, “उचलीचं असंल, नाहीतर मग ते भांडणाचं.” मुकादमाकडून घेतलेली उचल फेडली नाही म्हणून, की टोळीत झालेल्या मारामारीसाठी, हे त्याला तिसऱ्या दिवशीही ठाऊक नव्हतं. त्याची आई गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, काहीतरी विचारत होती आणि तो तिला तेवढंही सांगू शकत नव्हता.

फॉर्मवर साक्षीदाराची जागा असते. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी डी. के. बसू खटल्यात सांगितलं, की अटकेच्या वेळच्या पत्रकावर नातेवाईक किंवा परिसरातला प्रतिष्ठित माणूस यांची सही हवी. आज तेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये आहे. आता कोर्टासमोरच्या टपरीवाल्याची सही मी एकाच आठवड्यात तीन वेगवेगळ्या फॉर्मवर बघितली आहे. प्रतिष्ठित आहे तो, चहा चांगला करतो.

तर संशोधन कशाचं? याचंच. छापील ओळ आणि व्हरांड्यातलं उत्तर यांच्यात जे अंतर आहे त्याचं. युरोपात २०१२ च्या कायद्याने अटक झालेल्याला हक्कांचं लेखी पत्रक साध्या, समजेल अशा भाषेत द्यायचं ठरवलं. मग एजन्सीने देशोदेशीची तशी व्यवस्था तपासून २०१६ मध्ये अहवाल काढला, दुभाष्याच्या प्रश्नासकट. आपल्याकडे उदगीर-उमरग्याकडे कन्नड घरात बोलतात, देगलूर-किनवटकडे तेलुगू, तांड्यावर गोरमाटी, पालावर पारधी, शहरागणिक दखनी. फॉर्म मराठीत, तोही कचेरीच्या मराठीत. माझे आजोबा सांगायचे, निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू, आणि न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा देऊन घरी यायचं, मग गावात मुन्शी शोधत फिरायचं. त्या अंगठ्याला कुणी ‘समजलं’ म्हणत नव्हतं.

एसीत बसून अहवाल लिहितात वगैरेवर वेळ घालवत नाही. राष्ट्रीय काय, राज्याचा आयोगही तुरुंगात जाऊन पाहू शकतो, कायद्यातच आहे.

अडीचशे माणसांचा मुद्दा मात्र रास्त आहे. अडीचशे मुलाखतींवरून ‘इतके टक्के पोलीस हक्क सांगत नाहीत’ असं काढता येत नाही. पण ते काढायला त्या घेतलेल्याच नव्हत्या. काम कुठे अडतं आणि कसं अडतं हे शोधायला तेवढ्या पुरतात. गावची पाईपलाईन कुठे फुटली हे बघायला प्रत्येक नळावर जावं लागत नाही. ‘किती’ हे मोजायचं असतं तेव्हा हीच एजन्सी वेगळं करते. २०१४ मध्ये तिने बायकांवरच्या हिंसाचाराचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं, तेव्हा २८ देशांतल्या ४२,००० बायकांना विचारलं होतं. पीडितांना कुणी विचारत नाही म्हणणाऱ्यांनी हा आकडाही फॉरवर्ड करावा.

‘हक्कांमुळे गुन्हेगार सुटतात’ यात अर्धं सत्य आहे, पण कारण उलटं. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालत नाही, हा नियम मानवाधिकारवाल्यांनी आणलेला नाही, तो १८७२ च्या इंग्रजी कायद्यातला, आता नव्या साक्ष अधिनियमात कलम २३. आणि ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितलंय, की अटकेची कारणं लेखी, आरोपीला कळणाऱ्या भाषेत द्यायची, आणि तिथल्या तिथे शक्य नसेल तर कोर्टात उभं करण्याच्या निदान दोन तास आधी द्यायची. नाहीतर अटकच बेकायदा. म्हणजे आरोपी कोठडीतून सुटतो तो हक्क दिल्यामुळे नाही, कागद द्यायचा राहिल्यामुळे. देशातल्या तुरुंगात चारपैकी जवळपास तीन बंदी अजून कच्चे कैदी आहेत, त्यांचा दोष ठरायचाय, हेही त्या ‘गुन्हेगार’ शब्दात गिळलं गेलंय. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत न्यायालयीन कोठडीत जो मुलगा गेला तो कायद्याचा विद्यार्थी होता. त्या मृत्यूबद्दल गुन्हा नोंदवा, असा आदेश जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला द्यावा लागला.

राहिली ठळक ओळ. ज्याच्या घरी चोरी होते त्याला विचारा. विचारा की. माझ्या विहिरीवरून मोटारीची केबल गेली, ऐन रब्बीत. दोन दिवसांत शेजारच्या पालावरची दोन पोरं उचलली. एका रात्रीत कबूल झाली म्हणे, केबलही निघाली. मला ओळखायला बोलावलं. माझी केबल सात वर्षं उन्हात पडून तडकलेली, दोन ठिकाणी काळ्या टेपचे जोड मी स्वतः मारलेले. समोर ठेवली होती ती नवी कोरी, वेटोळ्याला दुकानाची सुतळी तशीच. पंचनाम्यात ती ‘फिर्यादीच्या वर्णनाप्रमाणे’ लिहून झालेली होती. मी म्हणालो, ही माझी नाही. ठाणे अंमलदार म्हणाले, “वकीलसाहेब, कामून वाढवायलात? भेटली ना केबल.”

मी सही केली नाही. पोरं सुटली, माझी केबल कुणी नेली ते पुन्हा कुणी शोधलं नाही, आणि मी उधारीवर नवी आणून टाकली.