ड्रायच्या उलट वेट? मग वाइनचं काय करायचं

आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा तो मेसेज पुन्हा फिरून आला. ‘मुलांकडून इंग्रजी विशेषणं अशी पाठ करून घ्या. ड्राय म्हणजे कोरडा. विरुद्धार्थी शब्द एकच, वेट. वेट, डॅम्प, मॉइस्ट सगळं सारखंच, काहीही लिहा.’ खाली अंगठ्यांची रांग. मी इंग्रजीच्या शिकवण्या घेतो, म्हणजे उद्या हे निस्तरायला माझ्याकडेच येणार.

‘विरुद्धार्थी एकच’ हे आपल्याच नाशिक जिल्ह्याच्या मालावर, म्हणजे वाइनवर तपासू. मागे पाहुण्यांना घेऊन एका वायनरीत गेलो होतो. टेस्टिंगवाल्या मुलाने ‘ही ड्राय रेड’ म्हणत ओतली, तर आमचे आतेभाऊ ग्लास तिरका करून म्हणाले, “ड्राय कसली रे, पाण्यासारखी पातळ तर आहे!” सगळे हसले. पण मेसेज खरा धरला तर आतेभाऊ बरोबर ठरतात. वाइन ड्राय म्हणजे गोड नसलेली. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं, तिचं अल्कोहोल होतं. लिटरमागे साधारण ४ ग्रॅमच्या आत साखर उरली की ती ड्राय. तिच्या उलट स्वीट. वेट वाइन मागितलीत तर पोरगा फडकं घेऊन येईल. त्यात आणखी एक गंमत: बुडबुड्यांच्या वाइनच्या लेबलवर ‘एक्स्ट्रा ड्राय’ असेल, तर ती ‘ब्रूट’ लिहिलेल्या बाटलीपेक्षा गोड निघते!

आता ‘ड्राय म्हणजे कोरडा’. ड्राय क्लीनिंगला दिलेली पैठणी मशिनमध्ये चांगली चिंब होते, फक्त पाण्याऐवजी रसायनात. ड्राय काऊला निफाडकडचा शेतकरी कोरडी गाय म्हणेल का? तो ‘गाय आटवली’ म्हणतो, किंवा भाकड म्हणतो, आणि उलट शब्द दुभती. ड्राय भाषण रटाळ असतं. ड्राय ह्यूमर मात्र रटाळ नसतो, चेहऱ्यावरची रेषही न हलवता मारलेला टोमणा असतो तो. ड्राय डेला तर उलट शब्दच नाही. (अमेरिकेत दारूबंदी असलेल्या काउंटीला ड्राय आणि नसलेलीला वेट म्हणतात, तेवढा एक गुण मेसेजवाल्याला.)

डॅम्प आणि मॉइस्ट सारखे म्हणणाऱ्याने पावसाळ्यात त्र्यंबकला एखाद्या जुन्या खोलीत राहून यावं. भिंतीला येते ती ओल डॅम्प, नकोशी. केक असतो तो मॉइस्ट, हवासा. घरी केक केलेल्या बाईला ‘व्हेरी डॅम्प’ म्हणून बघा, पुढचा तुकडा मिळणार नाही.

मुळात आपल्याला हे नवीन का वाटावं? मराठीत दुष्काळसुद्धा ओला असतो. आणि भाकरीबरोबर जे ‘कोरड्यास’ वाढतात, त्यात बऱ्याचदा वाटीभर रस्सा असतो. शेजारी नाम कोणतं बसलंय ते बघूनच आपण अर्थ लावतो, इंग्रज वेगळं काय करतो?

हे सगळं ग्रुपवर टाकलं, तर एका आईचा लगेच प्रश्न आला: “सर, मग पेपरात काय लिहायचं?” नुसतं ‘ड्राय’ विचारलं असेल तर वेटच लिहायला सांगा. मार्क कशाला घालवायचे?