बायपासनंतर चार लिटर पाणी प्या म्हणे!

‘बायपासनंतर डॉक्टर पाणी तोडतात, त्यानेच किडनी जाते. रोज चार लिटर पाणी प्या, लघवीची गोळी बंद करा, नारळपाणी घ्या.’ हा मेसेज वाचून आमच्या मामांनी लॅसिक्स बंद केली. पाय सुजल्यावर मामीचा फोन आला. मी हार्टच्या आयसीयूत नर्स आहे, आता बोलतेच.

आधी गोळीचं, कारण ती बंद करणंच जिवावर बेततं. ऑपरेशनवेळी हृदय-फुफ्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनच्या नळ्या सुरुवातीलाच लिटर-दीड लिटर द्रवाने भरलेल्या असतात. तो सगळा रुग्णाच्या रक्तात मिसळतो, वर सलाइन वेगळं. मशीनमधून फिरलेल्या रक्तामुळे बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात आणि पाणी अंगात उतरतं. दुसऱ्या दिवशी माणूस तीन-चार किलोंनी जड असतो, डोळे सुजलेले. (मशीनशिवाय, धडधडत्या हृदयावर बायपास झाली असेल तर हा भार कमी.) पुढच्या दिवसांत हे पाणी रक्तात परततं. ते लघवीवाटे गेलं नाही तर फुफ्फुसात साचतं आणि आडवं पडलं की दम लागतो. म्हणून आम्ही तासातासाला लघवी मोजतो, इंजेक्शनसोबत जाणारं सलाइनसुद्धा लिहून ठेवतो. घरी ताक, आमटी, चहा हेही पाण्यातच धरायचं.

चार लिटर कशाला? एवढ्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर. सोबत स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम अंगात राखणारी लघवीची गोळी) चालू असेल किंवा किडनी कमजोर असेल तर ठोके बिघडू शकतात. गोळी बिल वाढवायला देतात, असंही त्या मेसेजमध्ये आहे. लॅसिक्स! दुकानातल्या सर्वांत स्वस्त गोळ्यांपैकी एक!

किडनीच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. 2018 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पोटाच्या मोठ्या ऑपरेशनच्या सुमारे 3000 रुग्णांचा अभ्यास आला. हात आखडून सलाइन दिलेल्यांत किडनीला इजा 8.6 टक्के, सढळ हाताने दिलेल्यांत 5 टक्के. पण ती ऑपरेशनं पोटाची, आणि हिशेब ऑपरेशन व पुढच्या 24 तासांतल्या सलाइनचा. घरी तांब्याने प्यायच्या पाण्याशी त्याचा काय संबंध? आमच्याकडेही पहिल्या तासांत, ऑपरेशनमध्ये थंड पडलेलं अंग गरम होताना रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी पडतं, तेव्हा आम्ही सलाइन देतोच.

रोज सकाळी लघवीनंतर, चहाआधी, एकाच काट्यावर वजन करा. दिवसात किलो-दीड किलो वाढलं तर डॉक्टरांना फोन. तोंड कोरडं पडतंय, उठताना चक्कर येतेय, तरीही फोन. डोस कमी करायचा तर तेच करतील.