मॅग्निटोगोर्स्कचे बिल कोणी चुकते केले?

सोव्हिएत रशियाने पहिल्या पंचवार्षिक योजनेत स्वबळावर कारखाने उभारले, असे एक बाजू सांगते. ते सारे अमेरिकी भांडवलदारांनीच उभे करून दिले, असे दुसरी बाजू ऐकवते. मला दोन्ही म्हणणी अर्धवट वाटतात.

परदेशी हात होताच. स्टालिनग्राडच्या ट्रॅक्टर कारखान्याचा आराखडा अमेरिकेतल्या डेट्रॉइटचे वास्तुविशारद अल्बर्ट कान यांच्या कचेरीने केला, त्याचा पोलादी सांगाडा अमेरिकेत घडवून जहाजाने आणला गेला आणि जून १९३० मध्ये तिथून पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. नीझ्नी नोव्हगोरोदच्या मोटार कारखान्यासाठी फोर्डशी १९२९ मध्ये करार झाला. उरल भागातल्या मॅग्निटोगोर्स्कच्या अवाढव्य पोलाद कारखान्याचे काम अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या मॅकी कंपनीला मिळाले, आणि नमुना होता इंडियाना राज्यातल्या गॅरीच्या पोलाद कारखान्याचा.

पण यातल्या कोणीही आपले भांडवल तिथे गुंतवले नव्हते. ते कंत्राटदार होते, काम करून पैसे घेणारे. झारच्या काळातली कर्जे बोल्शेविकांनी १९१८ मध्येच नाकारली असल्यामुळे दीर्घ मुदतीचे कर्ज मिळणे अवघड होते. जर्मनीकडून उधारी मिळाली, तीही थोड्या मुदतीची. म्हणजे परकीय चलन हवे, आणि ते मुख्यतः धान्य, लाकूड आणि तेल विकूनच मिळणार. नेमक्या त्याच वेळी जागतिक मंदीने धान्याचे भाव कोसळले आणि तेवढ्याच यंत्रासाठी आधीपेक्षा कितीतरी जास्त गहू बाहेर पाठवावा लागू लागला. १९३० मध्ये सुमारे ४८ लाख टन धान्य निर्यात झाले, १९३१ मध्ये सुमारे ५२ लाख टन. पुढच्या दोन वर्षांत युक्रेन, कझाकस्तान आणि व्होल्गाकाठी लाखो माणसे उपासमारीने मेली. निर्यात घटली, थांबली मात्र नाही. या उपासमारीमागची सामूहिक शेतीची सक्ती, म्हणजे शेतकऱ्यांच्या जमिनी बळाने एकत्र करणे, ही सरकारची स्वतःची करणी होती, तिचे खापर अमेरिकी अभियंत्यांवर फोडता येणार नाही.

याच कारखान्यांत पुढे रणगाडे बनले आणि हिटलर हरला, हा युक्तिवाद मी हलका मानत नाही. तरीही माझे लक्ष ‘तोर्गसिन’ या सरकारी दुकानांकडे जाते. मुळात परदेशी गिऱ्हाइकांसाठी असलेली ही दुकाने १९३१ पासून सोने घेऊन येणाऱ्या सोव्हिएत नागरिकांनाही खुली झाली. दुष्काळात बायका लग्नाची अंगठी घेऊन तिथे रांग लावत. अंगठी मोडीच्या भावाने घेतली जाई, घडणावळ शून्य, फक्त वजन. आणि बदल्यात मिळे ते बहुधा राईचे पीठ. ते सोने यंत्रांची बिले भागवायला जाई, आणि ती बिले मॉस्को वेळेवर भरत असे.