"एक दिवस सुट्टी म्हणजे एक आठवडा मागे" या मेसेजबद्दल

परवा बहिणीकडे गेलो होतो, भाच्याच्या नडगीच्या हाडाला तडा गेलाय म्हणून. पोरगा पोलीस भरतीची तयारी करतोय, चार महिने रोज पहाटे पाचला ग्राउंडवर, आणि रोज म्हणजे खरंच रोज, रविवार नाही की सण नाही. नडगी तीन आठवडे दुखत होती तरी पळत होता. का रे पळत होतास विचारलं तर म्हणाला, "मामा, एक दिवस बसलं की आठवडा मागं पडतो," आणि मोबाईल काढून मेसेज दाखवला. तोच मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही येऊन गेलाय, तुमच्याकडेही आला असेल. एक दिवस सुट्टी म्हणजे एक आठवडा मागे, दुखतंय म्हणजे शरीर बनतंय, दुखण्यावर अजून व्यायाम हेच औषध, आपले पैलवान कधी सुट्टी घेत नव्हते, रेस्ट डे हे आळशी लोकांचं फॅड. एवढं सगळं एका मेसेजमध्ये.

आधी तो आठवड्याचा हिशोब. एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९८४ चा एक अभ्यास आहे, जर्नल ऑफ अप्लाइड फिजिऑलॉजीमध्ये छापलेला. दमसासाचा भरपूर सराव असलेली सात माणसं घेतली आणि त्यांचा सराव बंद केला, एक दिवस नाही, ८४ दिवस. शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते मोजत गेले. २१ दिवसांनी तो आकडा ७ टक्क्यांनी उतरला, ५६ दिवसांपर्यंत १६ टक्क्यांनी, आणि मग तिथेच थांबला. म्हणजे तीन आठवडे सराव बंद ठेवून ७ टक्के! मग एका रविवारने काय जाणार? सातच माणसं होती, मान्य, पण त्यांनी मोजून लिहिलंय. आणि वजन मारणाऱ्यांनी हेही लक्षात घ्या की जड व्यायामानंतर स्नायूची भरपाई पुढचा दीड-दोन दिवस चालू असते, ती व्यायाम करताना होत नाही, नंतर होते, खाताना आणि झोपताना होते.

आता दुखण्याचं, ज्याच्यामुळे मी हे लिहायला बसलो. "दुखतंय म्हणजे बनतंय" हे वाक्य ज्याने लिहिलं त्याला दुखण्या-दुखण्यातला फरकच माहीत नाही. नवीन व्यायाम केला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या, पोटऱ्या सगळीकडून ठणकतात, ते आपोआप उतरतं, त्याला कोणी घाबरत नाही. हाडाचं दुखणं वेगळं असतं. ते एका जागी असतं, बोट ठेवून दाखवता येतं, पळायला लागलं की वाढत जातं आणि पुढे पुढे रात्री झोपेतही जाणवतं. भाच्याचं हेच होत होतं आणि तो वरून स्प्रे मारून सोळाशे मीटरचे राऊंड मारत होता.

हाड जिवंत असतं हो. पळताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन-तीन पट दणका बसतो, तो सोसण्यासाठी शरीर आधी हाडाचा थकलेला भाग पोखरून काढतं आणि मग तिथे नवीन हाड भरतं. काढायचं काम काही आठवड्यांत होतं, भरायला महिने जातात, आणि मधल्या काळात ते हाड आधीपेक्षाही कच्चं असतं. त्या कच्च्या हाडावर तुम्ही रोज डांबरी रस्त्यावर दणके घातलेत की ते तडकतं, यात मनाच्या ताकदीचा संबंधच नाही. हे काही आत्ता शोधलेलं नाही, प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरने १८५५ मध्येच लिहून ठेवलंय की लांब मार्च करणाऱ्या सैनिकांची पावलं सुजतात आणि दुखतात. एक्स-रेचा शोधच १८९५ चा, तो आल्यावर कळलं की ती पावलाची हाडं तडकत होती. सैनिकांचं हे झालं, मग चार महिन्यांपूर्वी पळायला लागलेल्या पोराचं काय.

अजून एक, पहिल्या एक्स-रेत हा तडा बऱ्याचदा दिसत नाही. भाच्याच्याही दिसला नाही, म्हणून हा परत पळायला लागला, शेवटी एमआरआयमध्ये दिसला. पोलीस शिपाई भरतीच्या ग्राउंडला, म्हणजे मैदानी चाचणीला, ५० मार्क, त्यात १६०० मीटरला २० आणि १०० मीटरला १५, म्हणजे ३५ मार्क नुसते पायांवर, आणि त्याच पायाला दुखणं दाबून पळायला सांगायचं? संताप येतो.

तसंच अंग सुजून दुखतंय आणि लघवी कोलासारखी काळपट झालीय तर "अजून व्यायाम" नाही, लगेच हॉस्पिटल. स्नायू फुटून त्यातलं द्रव्य किडनीवर जातं.

पैलवानांचं नाव घेणाऱ्यांनी तालमीत जाऊन बघावं. पहाटे मेहनत, मग खुराक, मालिश आणि दुपारची झोप. आपली पोरं पळून येऊन चहा-बिस्कीट खाऊन कामावर जातात.

फॅड म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये ताकदीचा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस सांगितलाय, सातही दिवस कराच असं कुठेही नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. सुट्टीची सवय लागते, एका दिवसाचे दहा होतात, असे लोक मी पाहिलेत आणि ते पाहूनच कोणीतरी हा मेसेज लिहिला असेल. पण त्यावर उपाय म्हणजे सुट्टीचा वार ठरवून टाका. त्या दिवशी चाला, थोडं स्ट्रेचिंग करा, फक्त पळू नका आणि वजनाला हात लावू नका.

भाच्याला सहा ते आठ आठवडे पळणं बंद सांगितलंय, सध्या लेखीची पुस्तकं घेऊन बसलाय. त्याच्या ग्रुपवरच्या पोरांनो, आज रात्री नडगीवरून एक बोट दाबत खाली या. एकाच जागी जोरात दुखलं तर उद्या पहाटे ग्राउंडवर जाऊ नका, आधी हाडांच्या डॉक्टरकडे जा, आणि एक्स-रे साफ आला तरी दुखणं आहे तोवर पळू नका.